आक्कांची पुढची खोली

आक्कांना खोटं बोलता येत नसे असं नाही. त्या बोलत, आणि गरज पडली की मनसोक्त बोलत. फक्त हळू बोलणं त्यांना जमत नसे. कुणाच्या हळदीकुंकवाला जायचं नसलं की त्या गच्चीवर उभ्या राहून सांगत, "अंगात लई कणकण हाय गं, उठवत बी नाय!" हे त्या इतक्या खणखणीत आवाजात सांगत की त्यांच्या तब्येतीची काळजी कुणालाच वाटत नसे. ऐकणारी बाई हसून पुढच्या घरी जाई आणि आक्का समाधानानं खाली उतरत.

लग्न होऊन मी त्या वसाहतीत आले तेव्हा आक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होत्या. शहराच्या पूर्वेला, चिकलठाण्याच्या कारखान्यांचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, एकसारख्या घरांच्या रांगा होत्या. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. आमचे हे सरकारी कचेरीत होते आणि कुठलीही गोष्ट करण्याआधी ती नियमात बसते का, हे बघण्याची त्यांना सवय होती. पलीकडे आक्का. मधल्या भिंतीचा उपयोग फक्त खुंट्या ठोकायला. बाकी सगळं ऐकू येई.

आक्का मूळच्या पिशोरच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणे, चिकलठाण्यातल्या एका कंपनीत होते. ती कंपनी बंद पडली आणि भाऊ घरी बसले. भाऊ मुळातच कमी बोलणारे, त्यानंतर तर त्यांनी बोलण्याचा आपला वाटाही आक्कांना देऊन टाकला. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांची खाट होती. त्या खाटेवर बसून ते रेडिओ ऐकत. मुलगी सुशीला हुशार होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि काहीही झालं तरी ती नर्स होणार असं आक्कांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. भाऊंचा पगार थांबला तेव्हा आक्का कुठूनशी चौकशी करून आल्या आणि त्यांच्या पुढच्या खोलीत रबर आलं.

गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या रबरी रिंगा होत्या त्या. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो, तो बारीक कात्रीनं कापून काढायचा. टेम्पोवाला गोणी टाकून जाई आणि साफ झालेला माल घेऊन जाई. आक्कांनी गल्लीतल्या चार बायका हाताशी घेतल्या. दिवसभर कात्र्या चालत आणि तोंडं चालत. रबराच्या वासाला मी पहिले काही दिवस नाक मुरडलं, पुढे तो मला घरचाच वाटू लागला. रिंग नीट साफ झाली का हे बघण्याची आक्कांची स्वतःची रीत होती. रिंग डोळ्याला लावायची आणि खाटेवरच्या भाऊंकडे बघायचं. "ह्यातून नवरा पुरा दिसला पायजे," त्या नव्या बाईला शिकवत, "निम्मा दिसला तर रिंग परत." भाऊ रेडिओच्या आडून हसत. त्या खोलीतून सदोष माल कधी गेला नाही.

आता यात एक अडचण होती, आणि ती साऱ्या गल्लीची होती. राहत्या घरात धंदा चालतो असं कळलं, तर पालिका त्या जागेला व्यावसायिक दरानं घरपट्टी लावते. आमच्या गल्लीत रीतसर बघायला गेलं तर एकही धंदा नव्हता. खरं बघायला गेलं तर धंदा नाही असं घर सापडणं मुश्किल होतं. समोर गफूरभाई शिवणकाम करत. त्यांच्या शेजारी पापडाची लाटणी चालत. मी स्वतः कॉमर्सच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते, आणि आक्का मला मास्तरीण म्हणत. मार्च आला आणि घरपट्टीवाल्यांचे फेरे सुरू झाले की सगळ्यांचा जीव वर-खाली होई.

त्यावर गल्लीनं तोडगा काढला होता. फाईल आणि टेप घेतलेला अनोळखी माणूस कोपऱ्यावर दिसला की आक्कांनी गच्चीवर जाऊन ओरडायचं, "पाव्हणे आले गंऽऽ!" एवढ्यावर सगळी गल्ली कामाला लागे. गफूरभाईंची मशीन पलंगाखाली जाई. पापडांवर चादर पडे. माझी मुलं वह्या मिटून कॅरमभोवती बसत आणि त्या वेळेपुरती माझी भाचरं होत. एवढ्या भाचरांचं खाणंपिणं मला कसं परवडतं, असं एकदा एका साहेबांनी कौतुकानं विचारलंही होतं. आक्कांच्या गोण्या भाऊंच्या खाटेखाली सरकत, वरून गोधडी सोडली जाई आणि भाऊ आजारी पडत. आजारी पडणं त्यांना चांगलं जमे, कारण त्यात बोलावं लागत नसे.

अशाच एका मार्चमध्ये, दुपारी, एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ फाईल घेऊन आले. आक्कांनी आरोळी ठोकली. गृहस्थ नेमके आक्कांच्याच दारात थांबले. मी भिंतीला कान लावायची गरजच नव्हती.

"इथं रबराचं काम चालतं ना?" त्यांनी विचारलं.

"रबर?" आक्का कडाडल्या. "साहेब, आमच्यात पोरीला पेन्सिल खोडायला बी रबर नाय!"

"मला तर हाच पत्ता दिलाय. चार-पाच बायका इथं बसतात म्हणे."

"बायका बसत्यात, व्हय. गप्पा हाणत्यात. काम कोणी करत नाय ह्या घरात. हे बघा, मालक बी निजूनच हायेत!"

गृहस्थ सभ्य होते. त्यांनी खोलीचा उजेड बघितला, भिंतीवरची ओल बघितली, पाणी प्यायले, भाऊंच्या तब्येतीची विचारपूस केली आणि गेले. त्या संध्याकाळी आक्का फार खुशीत होत्या. सगळ्यांना चहा झाला. एवढं बेमालूम खोटं आपण आजवर बोललो नव्हतो, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. भाऊ सायकल काढून चौकात गेले, टेम्पोवाल्याला गाठून घरी घेऊन आले. तो दारातच उभा राहून म्हणाला, "आक्का, मी काय करू? कंपनीचे साहेब सोता बघून गेले. वर्षाचं पक्कं काम देनार व्हते तुमाला, म्हनून जागा बघायला आल्ते. तिथं जाऊन त्यांनी सांगितलं, त्या घरात काम व्हतच नाय. मंग आपला माल जातो कुठं, म्हनून माझ्यावरच संशय घेतला."

आक्का मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून एक शब्द ऐकू आला नाही. रात्रीच्या जेवणाला आमचे हे म्हणाले, "शेजारी कोणी नाही का आज?" सुशीलाच्या प्रवेशाचे दिवस तोंडावर आले होते, आणि तेवढ्याचसाठी सुरू झालेलं काम आक्कांनी स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं.

दोन दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं. "मास्तरीण, चल माझ्यासंगं. तुला साहेबाशी बोलता येतंय." आम्ही कंपनीच्या फाटकाशी बराच वेळ थांबलो. शेवटी ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आतच आक्का बोलल्या.

"साहेब, काम व्हतंय आमच्यात. म्या खोटं बोलले. तुमी घरपट्टीचे हाव असं वाटलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते हसू दाबत होते असं मला वाटलं, पण बोलले ते गंभीरपणे. "बाई, तेव्हा खोटं बोललात. आता खरं बोलताय, हे मी वरच्यांना कसं पटवू? काम तुमचं चांगलं आहे, माल मी बघितलाय. पण वर्षभराचं काम मला लपवाछपवीच्या जागी देता येणार नाही. या घरात धंदा चालतो, असा कुठलातरी सरकारी कागद आणा. मग बघू."

परतताना आक्का गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "इतके दिस हात झिजवले, मास्तरीण. अन् इचारलं तर मीच सांगितलं, हितं कोणी काम करत नाय." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मी त्यांचा हात धरला.

सरकारी कागद म्हणजे काय, यावर आक्कांना बसवून आमच्या घरी खल झाला. आमच्या ह्यांनी सांगितलं की सगळ्यात सोपा कागद म्हणजे व्यावसायिक दरानं भरलेल्या घरपट्टीची पावती. "पण स्वतःहून पट्टी वाढवून मागितलेला माणूस मी अजून बघितला नाही," असंही ते म्हणाले.

"नियमात बसतंय का ते?" आक्कांनी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"अगदी बसतं. म्हणूनच कोणी करत नाही."

आक्कांच्या घरातून बातमी पसरायला वेळ लागत नसे. संध्याकाळपर्यंत गल्ली त्यांच्या दारात जमली. गफूरभाई सगळ्यात चिंतेत होते. "आक्का, तुम तुम्हारी पट्टी बढ़ा लेव, मेरा क्या जाता," ते म्हणाले. "लेकिन वो आदमी उड़ के तो नइ आएगा ना? गली में से च आएगा. मेरी मशीन देखेगा, मास्तरनी के पोट्टे देखेगा. सब जाएंगे तुम्हारे पीछे."

त्यांचं खोटं नव्हतं. पापडवाल्या घरातूनही कुजबुज झाली की एकीसाठी सगळ्यांनी का मरायचं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्या मधेच तोडत, त्या दिवशी तोडलं नाही. मग म्हणाल्या, "गफूरभाय, तुमी शिवता का उसवता, मी कोणाला सांगनार नाय. पर माझं मला सांगू द्या. पोरीला उद्या कोणी इचारलं, तुझी माय काय करती, तर तिनं बी गोधडी टाकायची का माझ्यावर?"

गफूरभाईंनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. "जाव," ते म्हणाले. "लेकिन आने का टाइम बोलना."

वॉर्ड ऑफिसात मी सोबत गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "पट्टी कमी करायची तक्रार पलीकडच्या टेबलावर."

"कमी नाय करायची. धंद्याची लावायची हाय."

आता मान वर आली. आवाज खाली आला. "कोणाच्या घराला? शेजाऱ्याच्या का?"

"शेजारीन ही संगं आलीय. पट्टी माझ्या घराला."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं असावं. मी मान डोलावली. तरी त्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून आक्कांकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा आक्का इतक्या मोठ्यानं बोलल्या की रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

ठरलेल्या दिवशी घरपट्टीचे साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, जाड भिंगाचे, स्कूटरवरून उतरताना गुडघ्याला हात लावणारे. आक्कांनी त्यांना हाताला धरल्यासारखं घरात नेलं आणि सगळं दाखवलं. कात्र्या दाखवल्या, शिल्लक राहिलेल्या रिंगा दाखवल्या, पापुद्र्यांचा ढीग दाखवला. साहेबांनी टेप काढली आणि सवयीनं सगळ्या घराचं माप घ्यायला लागले. आक्का आडव्या आल्या.

"चुलीपाशी रबर जात नाय, साहेब. धंदा पुढच्या खोलीत."

"बरं, पुढची खोली."

"पुरी नाय. थांबा." त्या धावत आमच्याकडे आल्या, माझ्या फळ्याजवळचा खडू उचलला आणि जाऊन खोलीत रेघ ओढली. रेघ भिंतीपासून निघाली आणि भाऊंच्या खाटेला वळसा घालून दारापर्यंत गेली. "ही खाट धंद्यात धरायची नाय. ह्या खाटंवर काम व्हत नाय. गल्लीला इचारा."

भाऊ खाटेवर मांडी घालून बसले होते. साहेब हसले, भाऊही हसले, आणि टेप खाटेला वळसा घालून गेली. चहा पिता पिता साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. ऐन कामाची दुपार होती. गफूरभाईंचं दार बंद. पापडवाल्यांचं दार बंद. माझी मुलं आमच्या स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलेली.

"तुमच्या गल्लीत फारच शांतता आहे हो," साहेब म्हणाले.

मी दारात उभी होते. आता काय ऐकू येणार म्हणून मी डोळे मिटले. पण आक्का इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "दुपारचं निजत्यात समदे."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "निजू द्या," ते म्हणाले आणि गुडघा चोळत स्कूटरकडे गेले.

पावती मिळाली, ती घेऊन आम्ही पुन्हा कंपनीच्या फाटकाशी गेलो, आणि टेम्पो यायला लागला. पहिल्या दिवशी गोण्या उतरल्या तेव्हा आक्कांनी दार सताड उघडं ठेवलं होतं. सुशीलाचा प्रवेश झाला. खडूची रेघ पुसट झाली तेव्हा भाऊंनी कुठून तरी लाल रंग आणला आणि ती पक्की केली. भाऊंनी त्या घरात स्वतः होऊन केलेलं हे पहिलं काम, असं आक्का म्हणत. पण माल मोजून घेणं आणि गोण्या बांधणं त्यांनी तेव्हापासून हळूहळू आपल्याकडे घेतलं, आणि त्यासाठी खाटेवरून उठू लागले.

त्या रेघेनं आक्कांना एक नवीच शिस्त लागली. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खोली झाडायची, कात्र्या डब्यात, एकही रिंग रेघेच्या अलीकडे दिसता कामा नये. एखादी बाई भाकरीच्या वेळी उद्याच्या मालाचं बोलू लागली तर आक्का तिला उठवून पुढच्या खोलीत पाठवत. "तिथं जाऊन बोल. हितं भाकरी हाय." दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं घाई केली, रात्रीही बसा म्हणून निरोप आला, तेव्हा त्यांनी टेम्पोवाल्याबरोबर उलटा निरोप धाडला, "म्या पट्टी एका खोलीची भरते. आख्ख्या घराची नाय." पट्टी भरायला मात्र त्या दर वर्षी कुरकुरत जात. रस्ते कसे आहेत, दिवे कसे आहेत, हे सगळं खिडकीतल्या कारकुनाला ऐकवत आणि मग भरत. पैसे भरणाऱ्याला बोलायचा हक्क असतो, हे त्यांना फार आवडलं होतं.

गल्लीचं म्हणाल तर पाहुणे येणं हळूहळू बंद झालं. पुढच्या एका वर्षी गफूरभाईंनी मशीन खिडकीशी आणून ठेवली आणि दारावर पाटी लावली. पाटी लावल्यावर गिऱ्हाईक वाढलं, कारण तोवर अर्ध्या शहराला त्यांचं घरच सापडत नव्हतं. माझ्या वर्गाची पाटी लागली ती आमच्या ह्यांच्यामुळे. त्यांनी एक दिवस रजा काढली, नियम नीट वाचला, आणि माझ्या पुढच्या खोलीची नोंद स्वतः जाऊन करून आले.

सुशीला नर्स झाली. तिला बघायला देवगाव रंगारीचे पाहुणे आले तेव्हा आक्कांनी मला चहाला मदत म्हणून बोलावलं होतं. मुलाच्या मामांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आई काय, घरीच असतात?" आक्का बोलायच्या आधी भाऊ बोलले. मी त्यांना पाहुण्यांसमोर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "व्हय, घरीच असत्यात. त्यांचा कारखाना बी घरीच हाय. या, दाखवतो." आणि मामांना घेऊन ते रेघेपलीकडे गेले. आक्का स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला.

पुढे भाऊंना गावची ओढ लागली आणि दोघं पिशोरला परतली. काम त्यांनी त्या चार बायकांच्या हवाली केलं. मी अधूनमधून जाऊन येत असे. आता दोघंही नाहीत. आक्कांना मी शेवटचं भेटले ते करोनाच्या टाळेबंदीची वर्षं सरल्यानंतर. त्या ओसरीत बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. माझ्या मुलाच्या लग्नाचं, सुनेचं, सगळं विचारून झालं.

"सून काय करती?"

"पुण्याच्या कंपनीत आहे. संगणकावरचं काम, घरूनच करते."

"बसती कुठं?"

"कुठंही बसते हो. जेवायच्या टेबलावर. कोणी आलं की उचलून आत नेते."

आक्का पुढे वाकल्या. "लपवती व्हय गं?"

"लपवत नाही, आक्का. जागा करून देते."

"खोली दे तिला, मास्तरीण," त्या म्हणाल्या. मग विषय बदलला, पिकाचं बोलल्या, सुशीलाच्या मुलांचं बोलल्या. निघताना वाकून नमस्कार केला तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जुन्या वर्गाची खोली उघडली. घर मागे आणि वर वाढलं होतं, आणि शिकवण्या बंद झाल्यापासून तिथं सुटकेसा आणि ह्यांनी जपलेली वर्तमानपत्रं होती. मी सगळं बाहेर काढायला लागले. सून धावत आली. आम्ही दोघींनी मिळून खिडकीखाली टेबल लावलं, तिनं आपला संगणक आणून ठेवला आणि जरा वेळ नुसती खुर्चीत बसून राहिली. हे वर्तमानपत्रांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभे होते.

"अगं, आता या खोलीला पुन्हा व्यावसायिक पट्टी लागेल का?" त्यांनी विचारलं.

"लागली तर भरू," मी म्हटलं.